डोळ्याजवळचं स्टिरॉइड इंजेक्शन : काही महिन्यांनंतरचा अनुभव

युव्हिआयटिसमुळे (डोळ्याच्या आतला दाह) उजव्या डोळ्याच्या मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज होती. आधी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या. झोप उडाली, चेहरा सुजला आणि मधुमेह असल्यामुळे साखर पार हाताबाहेर गेली. म्हणून डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडचं 40 मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुचवलं. हे नेत्रगोलाच्या आत नाही, बाहेरून, नेत्रगोलाभोवतीच्या टेनॉन नावाच्या पातळ आवरणाखाली देतात. बधिर करणारे थेंब घातल्यावर टोचणं सोसवतं; त्रास होतो तो नंतरच्या जडपणाचा, डोळ्यामागे कुणी बोट दाबून धरल्यासारखा.

‘डोळ्यापुरतंच असतं, अंगात जात नाही,’ असं जो तो सांगतो. जातं की! औषध तिथे साठून राहतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं. एरवी उपाशीपोटी 130 च्या आसपास असणारी माझी साखर दुसऱ्या दिवसापासून 190 च्या पुढे गेली. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवलं होतं, त्यांनी औषध तात्पुरतं वाढवलं आणि आठवडाभरानं आकडे उतरले. तरी हिशोब बघा: 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन म्हणजे साधारण 50 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. गोळ्या चालू असताना जवळपास तेवढं स्टिरॉइड माझ्या पोटात रोज जात होतं. इथे तेवढंच कित्येक आठवड्यांत विभागून मिळालं. चेहरा या वेळी सुजला नाही, झोपही लागली. मात्र इंजेक्शनं वरचेवर घेतली तर शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, मंदावू शकतं, म्हणून गोळ्यांपेक्षा सौम्य एवढंच मी म्हणेन.

खरी डोकेदुखी निघाली डोळ्याच्या दाबाची. पहिल्या तपासणीत दाब नॉर्मल, नंतरच्या भेटीत 28! ना दुखलं, ना धूसर दिसलं. मोजला नसता तर पत्ताच लागला नसता. आणि गोळी बंद करता येते, हे औषध एकदा आत गेलं की सहजासहजी काढता येत नाही. दाबाचे थेंब सुरू केले, ते अजून चालू आहेत. घरात कुणाला काचबिंदू असेल तर हे आधीच सांगा. मोतीबिंदू वाढणं, वरची पापणी उतरणं हेही होऊ शकतं; माझी पापणी शाबूत आहे.

इंजेक्शनच्या आधी टीबी आणि टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या (एक परजीवी संसर्ग) तपासण्या झाल्या. तेव्हा कंटाळा आला होता, पण सुजेच्या मुळाशी जंतुसंसर्ग असेल तर नुसत्या स्टिरॉइडनं तो भडकतो.

फायदा? 6/24 वरून नजर 6/9 वर आली. तीनेक महिन्यांनी स्कॅनमध्ये सूज परत थोडी दिसली. दुसऱ्या इंजेक्शनचा विषय निघालाय. दाब थेंबांवर स्थिर राहतो का, ते बघून ठरेल.