चालताना फोनवरची सोबत: कोणती सोय कितपत कामाची

रात्री एकट्याने चालत जाणाऱ्याला दूर असलेल्या माणसाची सोबत मिळावी, यासाठी फोनमध्ये चार सोयी हाताशी आहेत: व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन, गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग, आयफोनमधलं चेक इन आणि गूगलच्या पर्सनल सेफ्टी ॲपमधला सेफ्टी चेक. पहिल्या दोन नकाशावर नुसता ठिपका दाखवतात. उरलेल्या दोन, माणूस वेळेत पोहोचला नाही तर आपण होऊन सोबत्याला कळवतात. आमच्या मते निवड याच फरकावर करावी. ठिपक्याकडे अर्धा तास एकटक बघत बसणं कोणालाही जमत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. रस्ता २० मिनिटांचा असेल तर १५ मिनिटांचा पर्याय वाटेतच संपतो, म्हणून १ तास निवडावा आणि पोहोचल्यावर हाताने बंद करावा. ८ तासांच्या वाटेला जाऊच नये. सोबत्याचं लक्ष पहिल्या तासातच उडतं. खरी अडचण पुढे आहे. मुदत संपली किंवा फोन बंद पडला तरी सोबत्याकडे कसलाही गजर वाजत नाही. ठिपका मुकाट्याने थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं, पोहोचली असेल.

म्हणून या सोयीला घड्याळाची जोड हवीच. साधारण चालीने १ किलोमीटरला १२ मिनिटं लागतात. २ किलोमीटर म्हणजे २४ मिनिटं, त्यात १० मिनिटांची सूट. नऊला निघणाऱ्याने ‘९:३५ पर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर’ असं स्पष्ट सांगावं, आणि सोबत्याने ९:३५ चा गजर लावावा. उचलला नाही तर दोन मिनिटांनी पुन्हा फोन. तोही उचलला नाही तर ठिपका शेवटचा कुठे दिसला ते पाहून कोणाला कळवायचं, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. सोबत्याचा फोन सायलेंटवर असला तर ही सगळी तयारी फुकट जाते. लोकेशन दहा-बारा जणांच्या ग्रुपवर टाकण्यात तोटाच जास्त, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरं कोणीतरी बघतंय. एकाला पाठवावं, फार तर दोघांना, आणि पहिला फोन कोण करणार ते नाव घेऊन सांगावं.

ठिपका गोठतो तो बहुतेक वेळा बॅटरी सेव्हरमुळे. स्क्रीन बंद झाली की फोन ॲपचं मागे चालू असलेलं काम थांबवतो. लोकेशनची परवानगी अपुरी असली तरी तेच होतं, आणि ‘अचूक लोकेशन’ बंद असेल तर जागा काही किलोमीटरच्या अंदाजाने दिसते. तपासणी सोपी आहे: दिवसा स्क्रीन बंद करून पाच मिनिटं चालावं आणि ठिपका हलला का, ते सोबत्याला विचारावं. उंच इमारतींच्या मधून जाताना उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. सोबत्याने तेवढ्याने घाबरू नये. कोणत्या रस्त्याने जाणार ते निघताना सांगितलेलं असलं की असा गोंधळ लगेच ओळखता येतो.

गूगल मॅप्सचं एक वैशिष्ट्य आम्हाला फार मोलाचं वाटतं: सोबत्याला समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसतं. बॅटरी ३ टक्क्यांवर असताना ठिपका गेला, तर त्याचा अर्थ बराचसा कळतो. पायी मार्गदर्शन सुरू करून प्रवासाची प्रगती शेअर केली तर पोहोचल्यावर शेअरिंग आपोआप संपतं. ‘बंद करेपर्यंत’ हा पर्याय मात्र टाळावा. महिनोन्महिने चालू राहिलेलं शेअरिंग सोबत न राहता पाळत होऊन बसतं.

चेक इन या चौघांत सर्वांत विचारपूर्वक केलेलं आहे. ते २०२३ मध्ये आयओएस १७ या आयफोनच्या प्रणालीबरोबर आलं आणि दोन्ही बाजूंना तितकं नवं आयओएस असलेला आयफोन लागतो. ही त्याची मोठी मर्यादा. मेसेजेसमध्ये सोबत्याचं संभाषण उघडून अधिकच्या चिन्हातून चेक इन निवडायचं, ठिकाण घालायचं आणि प्रवास पायी असल्याचं सांगायचं. पोहोचलात की सोबत्याला आपोआप कळतं. उशीर होतोय असं दिसलं तर फोन आधी तुम्हालाच विचारतो. १५ मिनिटांत उत्तर दिलं नाही तर सोबत्याला सूचना जाते. वाटेत कोणी भेटलं तर तिथेच वेळ वाढवून घ्यावा, नाहीतर खोटी घबराट उडते. माहिती किती द्यायची याचे दोन स्तर आहेत. मर्यादित स्तरात सध्याची जागा, बॅटरी आणि नेटवर्क दिसतं, तर पूर्ण स्तरात आलेला मार्गही दिसतो. रात्रीसाठी पूर्ण स्तरच ठेवावा.

सेफ्टी चेक काही अँड्रॉइड फोनवर जवळपास हेच काम करतो, पण ठिकाण पाहून नव्हे, वेळ मोजून. त्यामुळे तिथेही वरचाच हिशेब लावावा: चालण्याचा वेळ अधिक १० मिनिटं. आपत्कालीन संपर्क आधी भरून ठेवावे लागतात; रस्त्यात उभं राहून ते भरण्यात अर्थ नाही.

फोनवर बोलत चालणं अनेकांना सर्वांत सुरक्षित वाटतं. आम्ही त्याला अर्धेच गुण देऊ. ओळखीचा आवाज धीर देतो, पण मागून येणारी पावलं ऐकू येत नाहीत. बोलायचंच असेल तर इअरफोन एकाच कानात घालावा.

शेजारी चालणाऱ्या सोबत्याला यातली कोणतीच सोय मागे टाकत नाही. फक्त जोडीने निघालं तरी शेवटचा तुकडा कोणीतरी एकट्यानेच चालतं. ज्याचं घर लांब, त्याने चेक इन किंवा लाइव्ह लोकेशन निरोप घेण्याआधी, दोघं उजेडात एकत्र उभे असतानाच सुरू करावं, आणि आधी पोहोचलेल्याने दुसऱ्याच्या दाराला आतून कडी लागल्याचा मेसेज येईपर्यंत फोन हातातच ठेवावा.