हुल्केनबर्ग की माल्डोनाडो: विल्यम्सची निवड

नोव्हेंबर 2010, ब्राझीलचं इंटरलागोस. पावसानंतर ट्रॅक सुकत होता. विल्यम्स टीमच्या निको हुल्केनबर्गने पोल पोझिशन, म्हणजे शर्यतीत सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा, पटकावली, तीही दुसऱ्या क्रमांकावरच्या वेटेलपेक्षा सेकंदाहून अधिक वेगवान लॅप मारून. फॉर्म्युला वन कार शर्यतींमधलं त्याचं हे पहिलंच वर्ष! तरीही थोड्याच दिवसांत त्याची सीट गेली.

जागी आला पास्टर माल्डोनाडो. सोबत व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा, पीडीव्हीएसएचा, भरभक्कम पैसा. विल्यम्सला त्याची नितांत गरज होती, कारण मोठे प्रायोजक हातचे जात होते. पण माल्डोनाडोवर बसलेला ‘पैसेवाला ड्रायव्हर’ हा शिक्का मला अर्धवट वाटतो. तो जीपी2 या फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या स्पर्धेचा 2010 चा विजेता होता. 2012 मध्ये बार्सिलोनात अलोन्सोला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर मागे ठेवून त्याने शर्यत जिंकली. हुल्केनबर्गला असा विजय कधीच मिळाला नाही.

सातत्य पाहिलं तर मात्र हुल्केनबर्ग कितीतरी उजवा. माल्डोनाडोच्या धडका आणि दंड यांनी टीमचे गुण वाया जायचे. मी हुल्केनबर्गलाच ठेवलं असतं, पण टीमच्या कामगारांचे पगार देण्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती, हेही खरं.

2011 मध्ये हुल्केनबर्ग फोर्स इंडियाचा राखीव ड्रायव्हर झाला, पुढे टीम बदलत राहिला आणि 2025 मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, चढला. माल्डोनाडोचं उलट झालं. 2016 च्या हंगामाआधी प्रायोजकाचा पैसा अडला आणि रेनॉ टीमने त्याची सीट केविन मॅग्नुसेनला दिली.