सीकेम मेट्रोप्लेक्स (माशांचं औषध) : फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर हे मासे पाळणाऱ्यांनी घरात ठेवाच

आमचा फ्लॉवरहॉर्न खाद्याची गोळी (पेलेट) तोंडात घेऊन थुंकायला लागला, मागे पांढरी दोऱ्यासारखी शी लटकलेली आणि डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे होल इन द हेड हा आजारच. मेट्रोप्लेक्सच्या पावडरीत मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक औषध आहे, 40 लिटर पाण्याला सोबतच्या चमच्याने 1-2 मापं, दर 48 तासांनी, पण आधी फिल्टरमधला कार्बन काढा आणि टँकचा यूव्ही दिवा बंद करा नाहीतर पैसे पाण्यात. मासा खात असेल तर खाण्यातूनच द्या, कारण दुखणं आतड्यात असतं. मेथिलीन ब्लू या निळ्या औषधाने होतं तसं टँकच्या सांध्यांचं सिलिकॉन याने निळं होत नाही हे फार आवडलं. मोठ्या टँकला खर्च जाणवतो खरा, पण आमचा गडी परत काचेवर धडका मारतोय! व्हाइट स्पॉटला (अंगावर पांढरे ठिपके येणाऱ्या आजाराला) मात्र हे नको, तिथे मीठ आणि हीटरच बरा.