दोन नाईक आणि रात्रीची गोळी

मागच्या महिन्यात फोंड्याकडच्या एका खासगी हॉस्पिटलात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नाव मुद्दाम लिहीत नाही, सिस्टर सगळ्या चांगल्या आहेत, उगीच कुणाच्या पोटावर पाय नको. पार्किंगची बोंब आहे, कॅन्टीनची पातळभाजी मात्र झकास.

ऑपरेशनला पैकीच्या पैकी. सकाळी डॉक्टर स्वतः आले आणि उजव्या जांघेवर पेनाने बाण काढून गेले, तोही आधी बाबांनाच विचारून की बाजू कुठली सांगा. स्पायनल म्हणजे कमरेखालचीच भूल दिलेली म्हणून बाबा जागेच होते, ते सांगतात की कापायच्या आधी सगळे हात थांबवून उभे राहिले आणि एकाने कोर्टात पुकारतात तसं नाव, ऑपरेशन, बाजू सगळं मोठ्याने वाचलं. "म्हटलं आता शिक्षा सुनावतात की काय!" मी घरी येऊन शोधलं तर ही डब्ल्यूएचओची २००८ सालची चेकलिस्ट, १९ मुद्द्यांची. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंटला थिएटरबाहेर काढण्याआधी अशी तीनदा थांबून वाचायची, शेवटी गॉज आणि सुया मोजायच्या. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलेलं. एक कागद हो!

आता घोळ. वॉर्डात नाईक दोन, बाबा आणि खिडकीजवळचे आजोबा. गोव्यात काय, डोळे मिटून दगड मारला तरी नाईकालाच लागेल. रात्री नऊला ड्युटी बदलली, नवीन सिस्टर ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, नाईक न्हय?" बाबा अर्धवट झोपेत, म्हणाले "हय", आणि तिने गोळी हातावर ठेवलीसुद्धा. मी सहज विचारलं कसली ओ ही, तर म्हणे शुगरची. बाबांना शुगर नाहीच! मनगटाला पट्टा आहे, त्यावर नाव, जन्मतारीख, नंबर, पण तो बघायचा कुणी? दिवसभर पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा करून बाबांना वैताग आणलेला आणि नेमकं गोळी देताना "नाईक न्हय". असं विचारलं की झोपेतला माणूस हो च म्हणणार, नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायला पाहिजे ना.

पोरगी रडवेली झाली. अख्ख्या वॉर्डाला त्या रात्री दोघीच होत्या त्यामुळे मी काही बोललो नाही. सकाळी इन्चार्ज सिस्टर फॉर्म घेऊन आल्या, काय झालं ते सगळं लिहून घेतलं, झाकपाक नाही की आमच्यावर ढकलणं नाही, हे आवडलं. दुपारपर्यंत दोन्ही नाईकांच्या फायलींवर लाल स्टिकर. अरे पण हा ॲडमिशनच्या दिवशीच लावायला काय झालं होतं?

बाकी, बेडच्या पायाशी हँडरबची बाटली, वर पोस्टर की २० ते ३० सेकंद हात चोळा, आणि बाटली दोन दिवस रिकामी. बाथरूममध्ये धरायला दांडा नाही, फरशी कायम ओली, एकाहत्तर वर्षांच्या माणसाला मी दोन्ही हातांनी धरून नेत होतो.

सर्जनला पाच स्टार, रात्रपाळीला दोन, बाथरूमला भोपळा, धरून चला तीन. सोमवारी टाके बघायला बोलावलंय, जाताना वॉर्डात डोकावून येतो बाटली भरली का.