एकट्याने वेव्ह खेळाव्यात की चौघं जमेपर्यंत थांबावं?

माझा मावसभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची चौकडी यंदा पांगली. दोघं पुण्याला गेले, तिसऱ्याला इथे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट लागली. रात्री साडेदहाला डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवर, हा एकटाच ऑनलाइन असतो. परवा इंदिरानगरला त्यांच्या गच्चीवर बसलो होतो, तेव्हा त्याने विचारलं, "ताई, मिळून खेळायची गेम एकट्याने खेळून हात खरंच सुधारतो का, की नुसता वेळ जातो?"

हात सुधारतो. पण सगळा नाही, आणि प्रत्येक गेममध्ये सारखा नाही. मी बरीच वर्षं सिडकोतल्या घरातून दोन्ही प्रकारे खेळत आले आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

सुरुवात किलिंग फ्लोअर २ पासून करते, कारण एकट्याच्या सरावाला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी सापडलेली नाही. २०१६ मध्ये पूर्ण रूपात आलेली ही गेम सहा जणांसाठी बनवलेली आहे. चार, सात किंवा दहा वेव्ह (अंगावर येणाऱ्या राक्षसांच्या लाटा), शेवटी बॉस म्हणजे सगळ्यात मोठा राक्षस, आणि दोन वेव्हच्या मधे ट्रेडरकडे खरेदीला जेमतेम एक मिनिट. सहा जणांच्या गोंधळात तुमची चूक दुसऱ्याच्या गोळीने झाकली जाते. तुमचा नेम चुकला, तरी समोरचा पडतो आणि तुम्हाला वाटतं आपणच मारला. एकट्याने खेळताना ही सोय नसते. मॅगझिन चुकीच्या वेळी रिकामं झालं की समोरचा थेट अंगावर येतो, आणि तुम्ही मेलात की मॅच तिथेच संपली. त्यामुळे वेव्ह अंगावर यायच्या आधी, दोन पावलं मागे सरकताना रीलोड करायची सवय आठवडाभरात लागते. टीममध्ये मला तीच सवय लागायला कितीतरी महिने गेले असते.

दुसरा फायदा आधी कोणाला मारायचं, हे कळण्याचा. सायरन नावाच्या राक्षसिणीची किंकाळी तुमचे ग्रेनेड हवेतच निकामी करते, म्हणून तिला आधी पाडायचं. हस्क लांबून आगीचे गोळे फेकतो, तो दुसरा. स्टॉकर अदृश्य असते, ती दिसायला कमांडोची भूमिका घेतलेला खेळाडू हवा. टीममध्ये कमांडो दुसरा कोणी असतो, तो ओरडून सांगतो आणि आपण वळतो. एकट्याने खेळताना पावलांचे आणि ओरडण्याचे आवाज ऐकून आपल्यालाच ओळखावं लागतं. कानांचा एवढा सराव मला दुसऱ्या कुठल्याच मोडने दिला नाही. हेडफोन साधा असला तरी चालेल, पण डावा-उजवा नीट कळला पाहिजे.

आता दुसरी बाजू, आणि ती मोठी आहे. खेळाडू वाढले की स्क्रेक आणि फ्लेशपाऊंडसारख्या मोठ्या राक्षसांची हेल्थही वाढते. एकट्याने खेळताना अमुक इतक्या हेडशॉटमध्ये स्क्रेक पडतो, हा हिशोब हातात बसलेला असतो. सहा जणांच्या मॅचमध्ये तेवढ्याच गोळ्या घालून तुम्ही थांबता. तो पडत नाही, उलट चवताळतो आणि शेजारच्या मेडिकवर, म्हणजे सोबत्यांना बरं करणाऱ्यावर, धावून जातो. माझ्यामुळे एका मॅचमध्ये अख्खी टीम गेली होती. त्या दिवसापासून मोठ्याला मी एकटीने हात लावत नाही, आधी सांगते आणि मग सगळे मिळून पाडतो. मेडिकचा सराव तर एकट्याने करूच नका. कोणाला वाचवायचं, हा त्या भूमिकेचा मुख्य प्रश्न आहे आणि वाचवायला तिथे कोणीच नसतं.

कॉल ऑफ ड्यूटीचा झॉम्बी मोड वेगळं शिकवतो. २००८ च्या वर्ल्ड ॲट वॉरपासून तो सुरू आहे. इथे नेमापेक्षा पाय महत्त्वाचे. झॉम्बींचा घोळका मागे लावून गोल गोल फिरवायचा, सगळे एका रांगेत आले की वळून गोळ्या घालायच्या. खेळणारे याला 'ट्रेन करणं' म्हणतात. चौघं असले की प्रत्येकाची ट्रेन दुसऱ्याच्या वाटेत येते, म्हणून हे शिकायचं ते एकट्यानेच. याच मालिकेतल्या जुन्या ब्लॅक ऑप्समध्ये एकट्या खेळाडूसाठी क्विक रिव्हाइव्ह फक्त ५०० पॉइंटला मिळतं आणि तीनदा तुम्हाला स्वतःहून उठवतं. म्हणजे चुकायला जागा आहे. पॉइंटचं गणितही इथेच पक्कं होतं. सुरुवातीच्या राउंडमध्ये अंगावर मारलेल्या प्रत्येक गोळीचे १० आणि शेवटी चाकूने पाडल्याचे १३०, त्यामुळे पहिल्याच राउंडपासून हेडशॉटच्या मागे लागणारा गरीब राहतो. टीममध्ये मात्र हीच सवय खटकते. शेवटचा झॉम्बी जिवंत ठेवून खरेदीला जाणं एकट्याला शोभतं. बाकीचे तिघं तुमची वाट बघत उभे असतील, तर आधी विचारावं.

लेफ्ट फोर डेड २ ही चौघांची झॉम्बींची गेम एकट्याने खेळता येते, कॉम्प्युटरने चालवलेले तीन सोबती, म्हणजे बॉट, सोबत येतात. सरावासाठी मी ती सुचवणार नाही. हंटर नावाच्या झॉम्बीने तुम्हाला खाली पाडलं किंवा स्मोकर नावाच्याने जिभेने आवळलं, तर स्वतःहून सुटता येत नाही, सोबत्यानेच सोडवावं लागतं. अख्खी गेम त्या एका नियमावर उभी आहे. बॉट नेमाला चांगले आहेत, पण मोलोटोव्ह फेकत नाहीत, वाट ठरवत नाहीत, चर्चा करत नाहीत. आपण पुढे चालतो, ते मागे येतात. नकाशे पाठ करायला ठीक.

डीप रॉक गॅलॅक्टिक ही गुहेत खणकाम करायची गेम या सगळ्यांच्या मधोमध आहे. एकट्याला बॉस्को नावाचा ड्रोन मिळतो. तो खणतो, उजेड देतो, गोळ्या झाडतो, तुम्ही पडलात तर ठराविक वेळा उठवतो. मिशन संपल्यावर पाच मिनिटांत ड्रॉप पॉडपर्यंत, म्हणजे परतीच्या यानापर्यंत, पोहोचायचं असतं, आणि अंधाऱ्या गुहेत परतीची वाट लक्षात ठेवायला ते उत्तम शिकवतं. पण उंचावरचं खनिज नुसतं दाखवलं की बॉस्को काढून देतो. टीममध्ये त्यासाठी इंजिनीअर भिंतीवर प्लॅटफॉर्म लावतो आणि स्काउट ग्रॅपलने, म्हणजे आकड्याच्या दोराने, तिथे पोहोचतो. ती जोडी एकट्याला कधीच कळत नाही. शिवाय या गेममध्ये आपली गोळी सोबत्याला लागते. महिनाभर एकट्याने खेळलेला माणूस पहिल्याच टीम मिशनमध्ये पुढच्याच्या पाठीत गोळ्या घालतो.

नाशिकपुरती एक व्यवहाराची बाजूही आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण इमारतीचा इंटरनेटचा डबा बंद पडतो. अशा संध्याकाळी ऑफलाइन सोलोच उरतं. डीप रॉक आणि झॉम्बी सोलोमध्ये पॉजही होतात, आईने जेवायला हाक मारली तर उठता येतं. अनोळखी लोकांच्या लॉबीत तसं उठणं म्हणजे पाच जणांना अडचणीत टाकणं. आणि लॉबीचा होस्ट युरोपात निघाला, तर पिंग (इंटरनेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ) इतका चढतो की नेमाचा सराव होतच नाही, आपण फक्त अंदाजाने गोळ्या सोडत राहतो.

तेव्हा ज्याचा नेम, रीलोड किंवा पळणं कच्चं आहे, त्याने एकट्याने खेळावं, आणि नेमासाठी किलिंग फ्लोअर, पायांसाठी झॉम्बी घ्यावं. ज्याला हे जमतं, पण टीममध्ये पहिला तोच मरतो, त्याला एकट्याने शंभर तास घालूनही उपयोग नाही. त्याला सोबतच हवी, मग ती अनोळखी का असेना.

मावसभाऊ पहिल्या प्रकारातला आहे. त्याला मी सांगितलं आहे की सोमवार ते शुक्रवार रोज एकच मॅच, सात वेव्ह, हार्डवर, आणि एकाच पर्कने, म्हणजे एकाच भूमिकेने. नॉर्मलवर खेळू नको, तिथे सगळे इतके हळू येतात की हाताला खोटी खात्री वाटायला लागते. शनिवारी पुण्याचे दोघं घरी येतात आणि शिफ्टवाल्याला सुट्टी असते. त्या रात्री एकट्याने काहीही खेळायचं नाही, चौघांनी बसायचं. पहिल्या वेव्हपासून माइक चालू ठेवायचा आणि स्क्रेक दिसला की गोळी झाडायच्या आधी बोलायचं.