बेळगावात मिळणारा 'व्हिक्टोरियन' वॉलपेपर: नक्षीला पैकीच्या पैकी, हिशेबाला नापास

बेळगावच्या दुकानांत 'व्हिक्टोरियन कलेक्शन' म्हणून जो कॅटलॉग पुढे येतो, त्यात विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराच्या नकलाच जास्त. 1875 ची 'अकँथस' आणि 1887 ची 'विलो बाउ' या त्याच्या नक्षी छान उतरल्यात. 'स्ट्रॉबेरी थीफ' मात्र 1883 मधलं छापील कापड, मॉरिसने त्याचा वॉलपेपर केलाच नव्हता. आवडलं तर जरूर लावा, पण 'ओरिजिनल वॉलपेपर' म्हणून जादा पैसे देऊ नका.

एकच नक्षी उठावाच्या चकचकीत पीव्हीसीत आणि मॅट नॉन-वोव्हनमध्ये, म्हणजे न विणलेल्या तंतूंच्या कागदात, मिळते. डोळे झाकून नॉन-वोव्हन घ्या. मूळ अकँथसला 30 लाकडी ठसे लागत. पानांची वळणं त्या रंगांच्या थरांतून यायची. त्यावर प्लास्टिकचा उठाव दाबला की सगळा खेळ खलास. शिवाय पीव्हीसीतून ओल बाहेर पडत नाही. पावसाळ्यात कागदामागे बुरशी धरते आणि दिवाळीपर्यंत काळे डाग वर येतात.

खरी गोची रोलच्या हिशेबात आहे. रोल 53 सेंमी रुंद, 10.05 मीटर लांब, म्हणजे 57 चौरस फूट. कॅम्पातल्या जुन्या घरांसारखी 12 बाय 12 फुटांची भिंत धरा. 144 भागिले 57, म्हणून दुकानदार तीन रोल सांगतो. पण नक्षी दर 64 सेंमीला फिरून येते. उंची 366 सेंमी, कापाकापीला 10, म्हणजे 376; पण नक्षी जुळवायला पट्टा 64 च्या पटीत, 384 चा कापावा लागतो. रोलमधून दोनच पट्टे निघतात. भिंतीला सात लागतात, म्हणजे रोल चार. चौथा नंतर आणायला गेलात तर बॅच नंबर वेगळा येतो आणि हिरव्यातला फरक सांध्यावर उठून दिसतो.

यावर उपाय खुद्द व्हिक्टोरियनांचाच आहे. 1870 नंतर इंग्लंडात भिंतीचे तीन भाग करायची पद्धत रूढ झाली: खाली डॅडो, मध्ये मुख्य कागद, वर फ्रीझ. जांभ्याच्या भिंतींना खालून ओल चढते, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. तेव्हा खालचे तीन फूट कागद लावूच नका. तिथे चुना मारा, म्हणजे भिंत श्वास घेईल, आणि वर लाकडी पट्टी ठोका. उरलेल्या नऊ फुटांना 320 सेंमीचा पट्टा पुरतो, रोलमधून तीन निघतात आणि तीन रोलमध्ये काम भागतं.

लावण्याआधी भिंतीवर दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून घाम आला तर थांबा. जानेवारी ते मे हे महिने बरे. जुना डिस्टेंपर खरवडून प्रायमर मारल्याशिवाय कागद धरत नाही, सुटताना डिस्टेंपरसकट सुटतो.

दुकानाकडून येणाऱ्या कारागिराचा हात साफ असतो, पण तो कोपऱ्यापासून सुरुवात करतो. जुन्या घराचा कोपरा काटकोनात नसतो. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत वेली कलंडलेल्या दिसतात. ओळंबा सोडून रेघ मारायला लावा. मैद्याची खळ आणली तर परत पाठवा, तिच्यावर झुरळं आणि कसर तुटून पडतात. सेल्युलोजची पावडर मागा. नॉन-वोव्हनला ती भिंतीवर लावायची, कागदावर नाही.

आणि जुन्या बंगल्यात खरोखरच त्या काळचा हिरवा कागद निघाला, तर तो कोरडा खरवडू नका. त्या हिरव्यात आर्सेनिक असू शकतं.