शाखा की समिती?
पुसदसारख्या गावातल्या कॉलेजात आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संस्थेची विद्यार्थी शाखा चालवायची, की वरच्या सेक्शनच्या, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक विभागाच्या, समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसायचं? शाखेत कामाची सवय लागते: वर्गणीची वही, कापसाच्या शेतातल्या सोलर पंपावरची कार्यशाळा, ऐनवेळी गेलेली लाइट. पहिली दोन वर्षं हेच करा. पण १९६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या वार्षिक निवडणुकीत पदवीच्या विद्यार्थ्याला मत नसतं, पदव्युत्तर विद्यार्थी-सभासदाला असतं. म्हणून समितीतला तो एक आवाज मला जास्त मोलाचा वाटतो. नागपुरात सकाळी नऊचा कार्यक्रम ठेवला, तर आमच्या पोरींना अंधारातच एसटी स्टँड गाठावं लागतं. हे तिथं बसून कोणीतरी सांगायलाच हवं.